उलट्या दाराची फियाट

२ मार्च, रविवार

आबांनी गाडी परत दिली! "हाई मनी गाडी नई शे."

दोन महिने वाट बघून आलेली खेळण्यातली पद्मिनी. वीतभर लांब, काळी कुळकुळीत. काचबिंदूने आबांना आता काहीच दिसत नाही, म्हणून म्हटलं निदान हाताने तरी बघतील. बघितली. टप, बोनेट, डिकी. मग पुढच्या दारावर नख फिरवलं आणि म्हणाले, "मनी गाडीनं दार उलटं उघडस."

उलटं म्हणजे? वर? आत? पुढे काही बोलतील तर शप्पथ. आई गेल्यापासून हे असंच, एक वाक्य बोलायचं आणि दुकान बंद.

५ मार्च

लिहून ठेवतो, म्हणजे मलाच कळेल मी हे का करतोय.

येत्या अक्षय तृतीयेला, आखाजीला, आमच्या ड्रायव्हिंग स्कूलला पंचवीस वर्षं होतात. धुळ्यात एवढी टिकलेली स्कूल थोडीच. नवा बोर्ड करायला टाकलाय, 'तीन पिढ्या स्टिअरिंगवर'. आबा, मी आणि आता डिंपल. माझी पोरगी माझ्यापेक्षा बरी शिकवते, निदान ओरडत तरी नाही. आबा तरुणपणी जळगावला केळीच्या एका शेठच्या गाडीवर होते. हे घरात सगळ्यांना पाठ. मी लायसन्स काढलं तेव्हा आई गल्लीभर सांगत सुटली होती, "बापवर गया पोऱ्या!"

त्या गाडीचा फोटो एकच. त्यात आबा पूर्ण आणि गाडीचं नुसतं बोनेट.

आखाजीला आबांच्या हातात त्यांची गाडी द्यायची. ते पुन्हा चार शब्द बोलायला लागावेत, एवढंच मला हवंय. रूपाली म्हणते, "पन्नाशी उलटली नि खेळणी सुरू." बायको आहे, म्हणणारच.

९ मार्च

जळगावला चुडामणभाऊंकडे. धंदा कवळ्या बनवायचा, नाद गाड्यांची मॉडेलं जोडायचा. दातांच्या रांगेशेजारी गाड्यांची रांग! त्यांनी फोटो भिंगाखाली धरला आणि हसले. "हितेंद्रभाऊ, ही पद्मिनी नाहीच. तिच्या आधीची. डुक्कर फियाट. हिचं पुढचं दार मागच्या बाजूने बिजागरीला असतं. आबा बरोबर बोलले."

पंचवीस वर्षं मी पोरांना सांगतोय, आमच्या आबांनी पद्मिनी चालवली! आणि आबा समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होते. एकदाही बोलले नाहीत. का?

१६ मार्च

डुक्कर फियाटचं जोडायचं किट मिळालं. पुण्यातल्या एका गृहस्थांकडे माळ्यावर पडलं होतं. डबा फुटका, एक चाक गायब, पुढची जाळी अर्धी. सगळी दारं मुळातच चिकटलेली. आणि इटलीची असल्यामुळे स्टिअरिंग डावीकडे!

चुडामणभाऊ म्हणाले, "चाक आणि जाळी मी ओततो, कवळीच्या मसाल्यात." स्टिअरिंग माझ्यावर सोडलं. ड्रायव्हरचा पोरगा ना मी.

२३ मार्च

जाळी आली. गुलाबी! हिरड्यांचा रंग आहे म्हणे, दुसरा मसाला संपला होता. बोनेटला लावून बघितली तर गाडी हसतेय असं वाटतं.

२७ मार्च

डॅशबोर्ड कापताना तुटला. तसाच टाकून झोपलो.

३ एप्रिल

गिअर कुठे बसवायचा? चुडामणभाऊ म्हणतात स्टिअरिंगच्या दांड्याला. मी म्हटलं, ज्याने चालवली त्यालाच विचारू.

"आबा, तुमच्या गाडीचा गिअर कुठे होता?"

"व्हता नं कुठेतरी."

कुठेतरी? मी पहिल्यांदा शिकलो त्या जीपचा गिअर मला झोपेत सापडेल. आबांची स्मरणशक्ती चालली की काय, म्हणून मुद्दाम दुसरं विचारलं, दिवे कसे होते? तर सगळं घडाघडा सांगितलं! दिव्यांच्या कडेला माती कुठे अडकते. डाव्या मडगार्डखाली कुठे पोचा होता. टपाला उन्हात हात लावला तर कसा भाजतो. सोनगीरजवळ गाडी उकळली तेव्हा आबांनी विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणून कसं घातलं. बठ्ठं आठवतं! फक्त गिअर नाही.

मला यातलं काही जुळवता येत नाही. रूपालीला सांगितलं तर म्हणाली, "माणूस पाहिजे ते आठवतो." हे काय उत्तर झालं?

११ एप्रिल

स्टिअरिंग उजवीकडे बसलं!! डॅशबोर्ड नवा केला, आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून. चक्र एवढंसं, नखाएवढं. तीन आठवडे गेले त्यात. पोचाही मारला, डाव्या मडगार्डखाली. गरम चमच्याने. नव्या गाडीला मुद्दाम पोचा मारणारा मी खानदेशातला एकटाच असेन.

१९ एप्रिल

दार उघडलं. टाचणीच्या बिजागऱ्या, चुडामणभाऊंनी बसवल्या. पुढचं दार पुढच्या कडेने उघडतं, उलटं. दहा वेळा उघडून बघितलं. डिंपलने व्हिडिओ काढला.

बोर्डवाला लीलाधर विचारत होता, "मजकूर फायनल ना? रंग कालवू का?" म्हटलं, आखाजीपर्यंत थांब. का थांबवलं ते मलाच कळत नाही.

३० एप्रिल, आखाजी

आमरस-पुरणपोळी झाली. आबांना खुर्चीत बसवलं, मांडीवर टॉवेल टाकला आणि वर गाडी ठेवली.

बोटं नाकावरून गेली, दिव्यांवरून, डाव्या मडगार्डखाली. पोच्यावर थांबली. "हाईच शे!" आबा एवढ्या मोठ्याने ओरडले की रूपाली स्वयंपाकघरातून धावत आली. मला रडू आलं, लपवलं नाही.

मी उलटं दार उघडून त्यांचं बोट आत नेलं, स्टिअरिंगवर. माझे तीन आठवडे! आबांनी तव्यावर पडल्यासारखं बोट मागे घेतलं. म्हणाले, "पानी लई ये. नि फडकं."

आणलं. त्यांनी फडकं पिळलं आणि गाडी पुसायला घेतली. आधी टप, मग काचा, मग बोनेट. चाकं शेवटी. इतकं सराईत! कालच मारलेला रंग अजून ओला तर नाही ना, एवढंच माझ्या डोक्यात. मग आबा खुर्चीतून अर्धे उठले, स्टिअरिंगकडचं दार उघडलं आणि तसंच धरून थांबले. कोणीतरी उतरणार असल्यासारखे. मान खाली.

डिंपल हसली. मी नाही हसलो. काय बघितलं आपण, हेच कळेना.

१ मे

सकाळी विचारलंच. आबा, तुम्ही शेठच्या गाडीवर होता ना?

"गाडीवर व्हतू. स्टेरिंगवर नई. शेठ स्वता चालाये. गाडी धोवानी, पुसानी, शेठनं दार उघाडानं, हाई मनं काम व्हतं."

मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?

"तुनी माय कित्ती खुशीमा सांगे गल्लीले. मंग तुना बोर्ड लागना. कव्हय सांगतू?"

मी स्कूलची गाडी काढली आणि आबांना रिकाम्या मैदानावर नेलं. उजवीकडे बसवलं. डावीकडे मी, दुसऱ्या ब्रेकवर पाय. हात धरून गिअर दाखवला. आबांनी पहिला टाकला, क्लच सोडला, आणि गाडी हिसका देऊन बंद पडली. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच पडते. दुसऱ्यांदा चालली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत!

लीलाधरला तिथूनच फोन केला. मजकूर तोच, रंगव.