वाळूत निजवलेले कंद

दीपूचे पप्पा,

मी फुलं घेऊन दिंद्रुडच्या बाजाराला चालले. भाकरी टोपल्यात हाय, पिठलं गरम करून घ्या.

गेल्या साली ऊसतोडीला निघताना तुमी हसलते, परत येईस्तोवर कंद सडतील म्हणून. राखेत घोळून वाळूत निजवलेला एक बी सडला न्हाई. पावसाळाभर गुलछडी निघाली, आता ग्लॅडिओलस कमरेएवढा उभा हाय, उन्हाळ्यासाठी लिलीचे कंद वेगळे ठेवलेत. बारा महिने फूल हाय माझ्या रानात!

आज मुकादम टोळी बांधायला येईल. त्याला नवरा-बायकोची जोडीच लागते, ठाऊक हाय मला. तरी सांगा त्याला, संगीता यंदा यायची न्हाई.

तुमचा कोयता खुंटीला हाय. माझा शोधू नका, त्यो फुलांच्या कामाला लागलाय.

संगीता