महानंदाबाईंची साडी

१० जून
कोर्टानं हो म्हटलं! डीएनए चाचणी करा म्हणे. पंधरा वर्षांनी! तेव्हा नुसता रक्तगट जुळवला होता — महानंदाबाईंच्या साडीवर खुन्याचं रक्त पडलेलं, त्याचा गट आणि रघुजीचा गट एकच. अशी माणसं आमच्या गल्लीत पन्नास निघतील! पण जन्मठेप माझ्या भावाला.

तो तर अर्जावर सहीच करेना. ‘कशाला अक्का, इतकं जुनं काय राहिलं असणार?’ मागे लागून लागून करून घेतली.

आनंद व्हायला हवा होता. घरी आले आणि चप्पलसुद्धा न काढता आडवी झाले.

१९ जून
वकील भव्याचा फोन. जुना मुद्देमाल कधीच जाळून टाकलाय. कपडे, चपला, सगळं. मग तपासणार काय, डोंबल? हातातोंडाशी आलेला घास गेला.

२१ जून
तुरुंगात जाऊन रघुजीला सांगितलं. मला वाटलं कोसळेल. तर तोच मला समजावत बसला — ‘सरी अक्का, असू दे, नशीब. दमलीस तू. आता पुरे कर.’ असा माझा भाऊ! बसमध्ये रडू आवरेना.

२७ जून
भव्यानं कागद पुन्हा चाळले. साडी जाळलेली नाही! रेशमी, जरीची, म्हणून किमती वस्तूंत धरली आणि घरच्यांना परत केली. म्हणजे आप्पाजींना, बाईंच्या नवऱ्याला. पण मेलेल्या माणसाचं वस्त्र, तेही रक्ताचं, घरात कोण ठेवतं? कधीच पाण्यात सोडलं असेल. भव्या म्हणाली, नोटीस पाठवते. मी म्हटलं थांब, आधी मी जाते. का म्हटलं, देव जाणे.

३० जून
मल्लेश्वरमला आप्पाजींच्या घरी गेले. रघुजी आप्पाजींच्याच दुकानात कामाला होता, त्यामुळे त्यांनी मला लगेच ओळखलं. दार लावून घेतील असं वाटलं. ‘स्वल्प बसा’ म्हणाले.

साडी आहे! लग्नातली, कन्यादानाच्या वेळी नेसलेली. नातेवाईक म्हणत होते, कावेरीत सोडून या. यांच्यानं होईना. कोर्टाचं सील फोडायचाही धीर झाला नाही. पुडकं तसंच कपाटात.

‘ठेवायला नको होती, कळतं मला. चुकलंच.’

मी कसंबसं चाचणीचं सांगितलं. ‘तुमचा भाऊ नसेल, तर इतकी वर्षं मी भलत्याच माणसाला शिव्याशाप दिले, अम्मा. घेऊन जाऊ दे कोर्टाला. खरं कळू दे.’

स्वतः उठून कॉफी केली. अर्धी बशीत सांडली. त्या घरात कॉफी पिताना मला इतकं अवघडलं! पण प्यायले.

२ जुलै
डोकं दुखतंय. ऑफिसला दांडी.

८ जुलै
कोर्टाची माणसं येऊन पुडकं घेऊन गेली. सील शाबूत! आता रघुजीचं रक्त घेतलं की झालं. भव्या म्हणते, एवढा चांगला पुरावा नशिबानंच मिळतो. दिवसभर जांभया देत होते. साहेब म्हणाले, अहल्याबाई, झोप होत नाही का? होईल आता. उद्या रघुजीला सांगते!

९ जुलै
सांगितलं. साडी मिळाली म्हटल्यावर रघुजीचं तोंड पांढरंफटक पडलं.

‘तू त्या घरी कशाला गेलीस, अक्का?’

रक्त देणार नाही म्हणतो. अर्ज मागे घे म्हणतो. मी का म्हणून विचारलं नाही. त्यानंही माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवी उचलली आणि बाहेर आले.

संध्याकाळी आप्पाजींचा फोन. ‘कधी कळेल, अम्मा?’

मला कळलंय, एवढं काही म्हणवेना.