गाडी मी नेली आहे

अहो,

किल्लीसाठी घर डोक्यावर घेऊ नका, गाडी मी नेली आहे. आज माझी ड्रायव्हिंगची परीक्षा आहे.

"या वयात ही थेरं कशाला?" असं तोंडावर म्हणालात, ते मी ऐकून घेतलं. पण "बायकोला चक्कर येते, तिचं नाव काढा," असा फोन ड्रायव्हिंग स्कूलला गुपचूप केलात, ते मास्तरांनीच मला सांगितलं. मग डॉक्टरांचा दाखला आणून दिला त्यांना. झेरॉक्स फ्रिजवर लावली आहे, चष्मा लावून वाचा.

मास्तर शेजारी बसतात आणि ओरडत नाहीत. न ओरडताही गाडी चालते, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

डबा तुमचा तुम्ही भरा. ऑफिसला बसने जा. चक्कर आली तर दांडा घट्ट धरा.