सुई झिजली तरी चालेल

आई,

तू देवळातून येईस्तोवर थांबलो तर माझी एसटी चुकेल. कर्जतला दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला निघालोय, शनिवारी येईन.

रेकॉर्ड लावायची असली तर आधी दादांचा रेडिओ लाव आणि तो चांगला तापू दे. लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्या हैदरभाईंचं हे जुनं मशीन, त्याला स्वतःचा आवाज नाही, तो रेडिओतूनच येतो. सुईच्या दांड्यावर दादांच्या सदऱ्याचं बटण चिकटवलंय. ते काढून दुसऱ्या कशाला लावू नकोस, त्या वजनानंच सुई उडत नाही.

काल तुझ्यावर उगाच ओरडलो. गाणं कधीच संपलं होतं, सुई नुसती खर्रर्र-खट करत फिरत होती, आणि तू डोळे मिटून शेजारी बसलेली. सुई झिजते, ऐकू येत नाही का, म्हणालो.

फिरू दे तिला हवं तेवढं. येताना नवी सुई आणतो.

दादा तुझ्या शेजारी असेच घोरायचे. मलापण मशीन आणलं त्या पहिल्याच दिवशी ते ऐकू आलं होतं, आई. ते गेल्यावरही घरात झोपणारा मी तेव्हापासून बाहेर ओट्यावर झोपतोय.

भीमा