बुढापाऱ्यातल्या घराचा कर

आई, बुढापारा मोहल्ल्यातलं तुझं घर पाडलं तिथं आता उंच बिल्डिंग उभी आहे, आणि तिच्यातला एक फ्लॅट भाड्यानं द्यायचा आहे. तुझ्या नातवानं तो शोधून काढला. त्या जागेवर तुझं घर होतं हे त्याला ठाऊक नाही. आमची हल्लीची घरमालकीण म्हणते, माझा मुलगा परत येऊन राहिला, महिनाअखेर खाली करा. झालं, पुन्हा बिऱ्हाड पाठीवर! तेव्हापासून हा पोट्टा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो आणि मला हाक मारतो, "मम्मी, इधर आओ, एरिया-वाइज़ देखो." मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो, आमचं असंच चालतं. एका बाजूला भाडं, त्याच्या शेजारी मेंटेनन्स, पाणी, मग घराचा कर, आणि तो मालक भरणार की आपण. नव्या रायपुरात भाडं कमी, पण मेंटेनन्स असा की हातात काही उरायचं नाही, आणि जरा काही आणायचं म्हटलं तर सगळा दिवस मोडतो. चौबे कॉलनीचं भाडं ऐकून मी म्हटलं, "अरे, विकत नाही मागून राहिलो, राहायचंच आहे फक्त." तो हसला नाही. म्हणाला, "बूढ़ापारा वाला सबसे ठीक पड़ रहा है. टैक्स भी ओनर ही दे रहा है." मी पत्ता वाचला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले.

हे सगळं तू लॅपटॉपशिवाय करायचीस. बाबा गेल्यावर रेल्वेत त्यांच्या जागी लागलीस, साहेबांना पाणी दिलंस, फायली वाहिल्यास, आणि त्या नोकरीवर आपण क्वार्टरात राहिलो. भाडं पगारातूनच कापून यायचं. घराला कर असतो हे आपल्याला कधी कळलंच नाही. तू रिटायर झालीस आणि नेमकं तेव्हाच हे वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी! भोपाळहून साहेब लोक आले आणि जो तो घरमालक खोलीला सोन्याचा भाव सांगू लागला. रविवारी आपण दोघी निघायचो. गल्लीत शिरलं की तू आधी नळावरच्या बायांना गाठायचीस. "दीदी, इधर किराया क्या चल रहा है? टैक्स किराए में है कि अलग?" मी वैतागून म्हणायची, "तुले कराचं काय करायचं आहे वं?" "हव, तुले लय समजते. भाडं त्याच्या मनचं असते, कर सरकारचा असते. कर किती ते सांगताना माणूस खोटं नाही बोलत."

सगळं जमायचं आणि मग तो प्रश्न यायचा. पूरा नाम? आडनाव सांगितलं की, "अच्छा, नागपुर साइड के," आणि मग घरात विचारून सांगतो. ते विचारणं कधी संपायचं नाही. तू रस्त्यात त्यावर चकार शब्द काढायची नाहीस. एकदा फक्त गोल बाजारात, भांड्यांच्या दुकानासमोर घाम पुसत म्हणालीस, "या लोकायच्या घरचा कर आपल्या जातीवर लागते वाटते." आणि हसलीस. मला तेव्हा हसू आलं नाही, आजही येत नाही.

म्हणूनच बुढापाऱ्यातला तो म्हातारा घरमालक, ज्याला सगळे दाऊ म्हणायचे, तुला देवमाणूस वाटला. ओट्यावर खाट टाकून बसला होता. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाला, "रह न बाई. किराया कमती दे देबे, फेर टैक्स तहीं पटाबे. घर ला अपनेच समझ." म्हणजे भाडं कमी, पण कर तूच भरायचा; इकडे कर भरत नाहीत, पटवतात. तू पहिल्यांदा कर पटवून आलीस तेव्हा पेढे घेऊन आली होतीस. मी विचारलं, "काहून वं, कोणाचं लगीन आहे?" तू पावती बुद्धाच्या फोटोमागे सरकवलीस आणि हात जोडलेस. मग म्हणालीस, "ज्याची पावती त्याचं घर." मलाही ते खरंच वाटलं. क्वार्टरातल्या माणसांना आणखी काय वाटणार? ज्यांनी कधी कर पाहिला नाही, त्यांना कर भरणारा म्हणजेच मालक. पावतीवर दाऊचं नाव होतं, ते आपल्या दोघींनाही दिसत होतं. तू म्हणायचीस, ते जुनं नाव आहे, सावकाश बदलते. दरवर्षी भाजीत तेल कमी पडलं तरी चालायचं, पण कर वेळेवर. तू मोरीला टाइल्स लावल्यास, छत गळायचं ते दुरुस्त केलंस. भिंतीत भला मोठा खिळा ठोकून फोटो लावलास, आणि तो ठोकताना हातोडी मला धरू दिली नाहीस.

दाऊ गेला आणि त्याच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली. वाईट बोलले नाहीत ते. "आंटी, पापा ने कहा होगा, काग़ज़ पे तो कुछ नहीं है." तू म्हणालीस, कागद आहे. आणि आपण कराच्या ऑफिसात गेलो. अजून दिसतं मला. तू धुतलेली पांढरी साडी नेसली आहेस, वंदनेला नेसायचीस ती. पिशवीतून सगळ्या पावत्या काढून टेबलावर ठेवतेस, एकेक सरळ करतेस. बाबू वरची उचलतो, चष्मा लावतो. "माताजी, ये तो टैक्स की रसीद है. मकान आपका थोड़े हो जाता है इससे. नाम किसका लिखा है, पढ़िए." तू म्हणतेस, "पढ़ना आता है मेरे को. पैसा किसने दिया, वो कहाँ लिखा है?" तो पावती परत ढिगावर ठेवतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष? मागच्या रांगेतला कुणीतरी हसतो, आणि तू पावत्या पिशवीत भरतेस, तशाच सरळ करून, जणू उद्या पुन्हा लागणार आहेत. बाहेर आल्यावर मी तुझ्यावर ओरडले. म्हटलं, कोणी नाव नाही विचारलं की तू त्याच्या पायाशी घर वाहून टाकतेस. भर रस्त्यात ओरडले. तू रिक्षावाल्याशी भाडं ठरवत राहिलीस.

नंतरची ती गुढियारीतली पत्र्याची खोली. उन्हाळ्यात तिथं अंग भाजायचं. बुद्धाचा फोटो तू जुन्या साडीत गुंडाळून पेटीवर ठेवलास. मी खिळा आणला तर म्हणालीस, "दुसऱ्याच्या भिंतीत नाही ठोकत मी आता." तुझी घरांची चौकशी संपली, नळावरच्या बायांना गाठणं संपलं. डॉक्टर रक्त कमी आहे म्हणायचा. मला माहीत होतं काय कमी आहे. तू गेलीस त्या सकाळी वंदनेसाठी तो फोटो साडीतून सोडवला, काचेवर साडीच्या विणीची जाळी उमटली होती. भिंतीवर लावायला जागा नव्हती, मीच हातात धरून उभी राहिले. फार राग आला होता मला, आई. दाऊचा, त्या मुलांचा, आणि सगळ्यात जास्त तुझा.

काल तो फ्लॅट पाहायला गेलो. लिफ्टनं वर गेलो, तुझ्या मोरीच्या वर, ओट्याच्या वर. खिडकीतून बुढातलाव दिसतो. मालक तरुण आहे, ही जागा पूर्वी कुणाची होती हे त्याला काय माहीत! मी मनाशी ठरवून गेले होते, पूरा नाम विचारलं की पोराचा हात धरून उतरायचं. पोरगा त्याच्याशी बोलत होता, भाडं किती, मेंटेनन्स किती. तो म्हणाला, टैक्स मेरा, आप बेफ़िकर रहिए, काग़ज़ बाद में बना लेंगे. मी वाट पाहत होते. त्यानं नाव विचारलं नाही. मला आंटी म्हणाला, पाणी दिलं, बसा म्हणाला. आधार कार्ड मागेल तेव्हा मागेल, पण तोंडानं नाही विचारलं. माझे डोळे भरून आले, बाप्पा, या वयात!

हे तुझ्याखेरीज कोणाला सांगू, आणि तुला तर हे पोचायचं नाही. घरी येईपर्यंत पोरगा माझ्यावर चिडून होता, "मम्मी, वो तो मना कर रहा था, आपको क्या ज़रूरत थी?"  आई, त्या मालकानं कर मागितला नव्हता. मीच म्हणाले, भैया, टैक्स हम पटा देंगे, रसीद हमको दे देना.