गुणाबाईचा अंगठा

पनवेल, ता. १२ फेब्रुवारी १९६१

चि. आनंदा यास बळीरामचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

आईबापांच्या परवानगीवाचून संघ भिक्खूची दीक्षा देत नाही, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी मी स्टॅम्पपेपरवर परवानगी लिहून घेतली. वीस वर्षं मामलेदार कचेरीत शिपाई आहे, साध्या कागदावर माझा विश्वास नाही. हसशील तर हस. साक्षीदारांच्या सह्याही झाल्या, फक्त तुझी आई अंगठा देत नाही.

झालं असं, गेल्या रविवारी विहारात मुंबईहून एक जपानी भंते आले होते. मोडक्या हिंदीत म्हणाले, की बोधिसत्त्व एकटा पार होत नाही, शेवटच्या माणसासाठी मागे थांबतो. तू शिकतोस त्या सिलोनकडे मात्र ज्याने त्याने आपली मुक्ती साधून अर्हत व्हायचं. तेव्हापासून गुणाबाईचं एकच, की पोराला समद्यांसाठी शिकवलाय, एकट्यानं पार व्हाया नाय. तिची समजूत तूच घाल.

लोभ आहेच, तो लवकर पत्र पाठवून दाखव.

तुझा,
बाबा

---

कोलंबो, ता. ३ मार्च १९६१

ती. बाबा व आई यांस आनंदाचा सप्रेम जयभीम वि. वि.

स्टॅम्पपेपरचं ऐकून माझे गुरू पोट धरून हसले. तोंडी होकारही चालतो म्हणे.

आईला सांगा, जपानी भंते खोटं बोलले नाहीत. आमच्याकडे आधी स्वतःचं मन तृष्णेतून सोडवायचं, हे खरंच. पण ज्याला पोहता येत नाही तो खाडीतून दुसऱ्याला काय काढणार? बोधी मिळाल्यावर तथागतही पंचेचाळीस वर्षं लोकांसाठी चालले. दोन पंथांचा वाद मला मिटवता येणार नाही. मात्र दीक्षेनंतरचा पहिला वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, मी पनवेलच्या विहारात काढीन. गुरूही सोबत येतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. भिक्खूचं चीवर अंगावर घातल्यावर मला आईच्या पाया पडता येणार नाही. उलट तिनेच मला वंदन करायचं. तिला ते रुचलं नाही तर मी परत येईन.

आपल्या मायेचा भुकेला,
आनंदा

---

पनवेल, ता. २० मार्च १९६१

चि. आनंदा यास सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवताना वंदनापाशी मीच अडखळलो. तुझी आई नाही अडखळली. म्हणाली, की जनमभर ज्याच्यात्याच्यापुढं वाकले, त्ये वाकावं लागलं म्हनून. आता पहिल्यांदा आपल्या खुशीनं वाकंन, आन् त्ये बी माज्या लेकापुढं. आनंदा, तिचा इतका अभिमान मला लग्नापासून कधी वाटला नव्हता.

अंगठा उठवला आणि शाई न धुताच ती शेजारच्या भामाकडे तो दाखवायला गेली. तिथून देवजीच्या घरी, मग साऱ्या आळीत. अजून परतलेली नाही.

कागद सोबत जोडला आहे. गुरूंना पुन्हा हसू दे. यापुढे तुला चिरंजीव लिहायचं की भंते, तेवढं कळव.

तुझा,
बाबा