टर्बोचे गचके आणि शेखसाहेबांची कॉफी

सल्ट, रविवार

आदरणीय नव्वाफमामांना मुन्झिरचा सलाम.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? करकच्या थंडीत त्याला लोकरीत गुंडाळून ठेवत जा. मामींनी दिलेलं जैतुनाचं लोणचं संपलं, बरणी धुऊन पुसून ठेवली आहे (यातून काय समजायचं ते मामींना समजेल). आईची तब्येत उत्तम, फक्त मी समोर आलो की रक्तदाब वाढतो. मीही मजेत आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

रुदैनाला मागणी घालायला परवा शुक्रवारी आपली वडीलधाऱ्यांची जाहा गेली होती, हे आईने फोनवर सांगितलं असेलच. पुढे काय झालं ते मात्र तिने सांगितलं नसणार. मी चाळिशी उलटलेला भूगोलाचा मास्तर. औषधांच्या दुकानात बसणारी अशी शहाणी मुलगी मला हो म्हणायला तयार झाली हाच मुळात चमत्कार, आणि तो मी स्वतःच्या हाताने धुळीला मिळवत आणला आहे.

सुरुवात झाली नव्या गाडीपासून. गाडी टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावरच फिरणारा एक पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी उडते. (तुमच्या गाडीत असलं काही नाही, हे मी ईदला चारचौघांत जरा मोठ्याने बोललो होतो. त्याकडे नंतर येतो.) पहिला आठवडा गाडी लोण्यासारखी चालली. गल्लीतल्या सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि दृष्ट टाळायला एकानेही ‘माशाल्ला’ म्हटलं नाही. आईने ताबडतोब एक निळा मणी माझ्या हातावर ठेवला. “आरशाला नको, लोक हसतील. आत बांध, बॉनेटखाली. आणि घट्ट बांध.” शिकलेला माणूस मी, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, म्हणून चार गाठी मारून घट्ट बांधला.

त्यानंतर गचके सुरू झाले. रेस द्यावी तर गाडी विचारात पडायची. आणखी द्यावी तर मागून कोणी लाथ घातल्यासारखी झेपावायची. आपल्या सल्टच्या चढांवर म्हणजे दोन पावलं नमाज आणि तिसऱ्याला कुस्ती. कॉफीच्या दुकानात एकजण म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी आहे, दुसरा म्हणाला गिअर गेले. मेकॅनिक शुक्रीकडे नेली. त्याने प्लग बदलले, थ्रॉटलची झडप धुतली, संगणक जोडला. संगणकाला दोष सापडेना, आणि शुक्रीने चालवली की गाडी मांजरासारखी शांत. (त्याच्याकडे जाण्यापूर्वी कोपऱ्यावर थांबून मी मणी सोडून खिशात ठेवायचो. मेकॅनिकने पाहिलं तर काय म्हणेल? परत निघालो की आईच्या धाकाने पुन्हा बांधायचो.) तिसऱ्या खेपेला शुक्रीने किल्ली माझ्या हातात दिली. “उस्ताद, गाडी ठणठणीत आहे. तुमचा पाय दाखवून घ्या कुणाला तरी.” मी खरंच पायाला मालिश करून घेतली.

शुक्रवारी जाहाचे म्होरके म्हणून शेख अबू मिक्दाद माझ्या शेजारी बसले. पहिल्या चढाला त्यांनी दारावरची दांडी धरली, दुसऱ्याला माझा दंड, तिसऱ्याला कलमा पढायला लागले. “अरे मुन्झिर, मुलगी मागायला नेतोयस की मला पुरायला?” उतरले तेव्हा डोक्यावरच्या रुमालाचा काळा गोफ कानावर आला होता आणि चेहरा दह्यासारखा पांढरा.

मागणं मान्य होईपर्यंत समोरची कॉफी ओठाला लावायची नाही, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. सगळी बैठक त्या न उचललेल्या पेल्यावर उभी असते. शेखसाहेब टेकले, समोर पेला आला, आणि त्यांनी तो घटकन रिकामा केला! मागणी न घालताच. वर गचक्यांनी हात थरथरत होता. रिकामा पेला हलवला म्हणजे ‘पुरे’, म्हणून वाढणाऱ्याने तो आदराने उचलूनही नेला. म्हणजे पाहुणे आले, प्यायले, तृप्त झाले. मागायचं काही उरलंच नाही. मुलीचे वडील अबू तहसीन यांनी सतरंजीची सुरकुती सरळ केली. मग म्हणाले, “कॉफी आवडली असेल तर पुन्हा या. पुढच्या शुक्रवारी. आणि या खेपेला बोलायला या.”

मी बाहेर येऊन बॉनेट उघडून उभा राहिलो; लाज लपवायला याहून चांगली जागा नाही. तेवढ्यात फोन वाजला. वरच्या खिडकीतून रुदैना बोलत होती.

“तुमच्या इंजिनात ते निळं काय चमकतंय?”

“काही नाही. सुटा भाग आहे.”

“मुन्झिर, माझ्याकडे पोट धरून माणूस आला की मी आधी विचारते, दुखायच्या आधी नवीन काय खाल्लंस? गाडीने नवीन काय खाल्लं?”

मी वाकून पाहिलं. मणी ज्या बारक्या रबरी नळीला बांधला होता, तीच टर्बोच्या हवेचा दाब सांभाळते. माझ्या चार गाठींनी तिचा गळा आवळला होता. हवा अडायची, मग एकदम सुटायची. दृष्ट लागू नये म्हणून मी गाडीला फास लावला होता. वर खिडकीत कुणीतरी खूप हसत होतं, आणि मामा, ते हसू ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, अजून सगळं बुडालेलं नाही.

सर्वांना सलाम, धाकट्यांचे गालगुच्चे.

तुमचा भाचा,
मुन्झिर

ता. क. – शेखसाहेब म्हणतात, आता उंटावर येईन पण तुझ्या गाडीत नाही. आणि कॉफीसमोर तर मुळीच बसणार नाही. तेव्हा पुढच्या शुक्रवारी म्होरके म्हणून तुम्हीच या. तुमच्या गाडीतून. ईदला मी तिला ‘काचा लावलेलं गाढव’ म्हणालो होतो, तो शब्द मी परत घेतो. गाढव गचके देत नाही.

ता. ता. क. – रुदैनाचा निरोप: “मामांना सांगा, कॉफी गार झाली तर मी दुसरी करून देईन. तिसरी जाहा मात्र करून देणार नाही.”

अगदी शेवटचं – तुम्ही येणार हे मी गृहीत धरून आईला सांगून टाकलं. तिने तुमच्या गाडीसाठी मणी आणला आहे, माझ्या मण्यापेक्षा मोठा. बॉनेटला कुलूप लागत असेल तर लावून या.